पपनसाची जात ओळखायची कशी? संत्र्याच्या मुलखातल्या नवख्यांसाठी

वरूड-मोर्शीकडच्या कुठल्याही गावात संत्र्याचा विषय काढा, शाळकरी पोरगंही आंबिया बार (हिवाळ्याच्या अखेरीचा फुलोरा) आणि मृग बार (पावसाळ्याच्या तोंडचा) यातला फरक सांगतं. त्याच वावरात विहिरीच्या कडेला पपनसाचं झाड उभं असतं. त्याच्याकडे बोट दाखवून "हे कोणत्या जातीचं?" असं विचारा. उत्तर येतं, "लाल." शेजारच्याचं? "पांढरं." झालं, संपल्या जाती.

मीही बरीच वर्षं हेच सांगत होतो. पण लाल आणि पांढरं हा झाला गराचा रंग. बैल पांढरा आहे एवढ्यावरून तो गवळाऊ ठरत नाही. शिंग, कपाळ, वशिंड, चाल, सगळं बघावं लागतं. पपनसाचंही तसंच आहे. ज्यांच्या घरी एखादं झाड आहे, किंवा ज्यांना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन-चार लावायची आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सामान फार लागत नाही: किराण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा, शिवणकामाची टेप, पोराच्या कंपासमधली पट्टी, धारेची सुरी, न पुसणारा मार्कर आणि एक वही. रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं यंत्र) असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

आधी ते पपनसच आहे ना?

हसू नका. चकोतरा, ग्रेपफ्रूट, महाळुंग, पपनस ही नावं आपल्याकडे एकमेकांवर सर्रास चिकटवली जातात. फळ नसलं तरी झाड ओळखता येतं, कारण खूण पानातच असते.

पपनसाचं एक पान तोडा आणि तळहातावर ठेवा. दोन पानं एकाखाली एक जोडल्यासारखी दिसतील. वरचं मोठं ते खरं पान. खालचं लहान, पत्त्यातल्या बदामासारखं, तो देठाला फुटलेला पंख. पपनसात हा पंख इतका रुंद असतो की बऱ्याचदा त्याची वरची कड खऱ्या पानाच्या बुडाला झाकते. आता पान उलटं करा आणि मधल्या शिरेवरून बोट फिरवा. कोवळ्या फांदीवरूनही अंगठा फिरवा. बारीक लव लागेल. संत्र्याची किंवा मोसंबीची फांदी अशी लागत नाही.

संत्र्याच्या देठाला पंख म्हणजे जेमतेम एक रेघ. मोसंबीचा थोडा जास्त, पण अरुंदच. ग्रेपफ्रूटचा चांगला दिसण्याइतका रुंद असतो आणि इथेच गफलत होते. अशा वेळी फळं कशी लागली आहेत ते बघा. ग्रेपफ्रूटची फळं द्राक्षासारखी घोसानं लटकतात, नावातलं ग्रेप आलं ते त्यावरूनच. पपनस बहुधा एकेकटं लोंबतं आणि फांदीला वाकवतं. महाळुंगाला तर पंखच नसतो आणि देठ-पानाच्या मध्ये सांधाही नसतो. फळ लांबट, खडबडीत, आत जवळजवळ सगळी पांढरी जाड साल आणि रस नावाला. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे ते हे महाळुंग. पपनस नव्हे.

नात्याचं सांगायचं तर पपनस हे लिंबूवर्गातलं मूळ घराणं आहे, आग्नेय आशियातलं. मँडरीन म्हणजे आपल्या संत्र्याचं कूळ, आणि महाळुंग, ही अशीच जुनी घराणी. पपनस आणि मँडरीन यांच्या संकरातून मोसंबीचं घराणं निघालं. त्या घराण्यातल्या गोड संत्र्याचा (स्वीट ऑरेंज; आपलं नागपुरी संत्र नव्हे) पपनसाशी पुन्हा संकर होऊन १८व्या शतकात कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर ग्रेपफ्रूट जन्मलं. विहिरीवरचं ते दुर्लक्षित झाड म्हणजे घरातली सगळ्यात मोठी बाई आहे, एवढं लक्षात ठेवा.

बीचं झाड की कलमाचं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका हाच कुणी विचारत नाही.

घरच्या घरी एक गंमत करून बघा. संत्र्याची बी आणि पपनसाची बी रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी नखानं वरचं टरफल आणि आतला पापुद्रा काढा. नागपुरी संत्र्याची बी आतून हिरवट निघेल आणि जरा दाबली की तिचे लहानमोठे तुकडे सुटे होतील. ते तुकडे म्हणजे वेगवेगळे गर्भ. त्यातले बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात. पपनसाची बी मोठी, चपटी, वरून सुरकुतलेली. आत पांढरी आणि गर्भ एकच. तो गर्भ आई आणि बाप दोघांचा. बाप कोण, ते मधमाशीला माहीत.

त्यामुळे पपनसाच्या बीपासून आलेलं प्रत्येक झाड वेगळं असतं. एका गोड फळाच्या दहा बिया लावल्या तर दहा तऱ्हेची झाडं होतील. त्यातल्या कुठल्याही झाडाला जात म्हणता येत नाही; ते फक्त ते झाड असतं. चांगलं निघालं आणि त्याच्या फांदीवरून गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) किंवा डोळा भरून (फांदीवरचा कोंब दुसऱ्या रोपाला जोडून) पुढची झाडं केली, तरच जात सुरू होते.

मला हे कळायला आठ वर्षं लागली. पाहुण्यांच्या घरी एक पपनस खाल्लं होतं, असं गोड की त्याच्या बिया रुमालात बांधून आणल्या. एक उगवलं. उन्हाळ्यात बागेच्या आधी त्याला पाणी घातलं. आठव्या वर्षी तीन फळं धरली. पहिलं फोडलं आणि पहिली फोड तोंडात टाकताच आमची आई म्हणाली, "याच्यापेक्षा लिंबू बरं बाप्पा, निदान भाजीत तरी पिळता येतं."

तर, झाडाची चौकशी आधी करा: कुणी लावलं, कुठून आणलं? सांगणारं कुणी नसेल तर बुंध्याकडे बघा. कलमाच्या झाडाला जमिनीपासून वीतभर वर जोड दिसतो. जोडाच्या खालची आणि वरची साल वेगळी असते, कधी जाडीही वेगळी. बीचं झाड सरळसोट वाढतं, उशिरा फळतं आणि बहुधा त्याला काटे फार. गुटीच्या झाडाला जोड नसतो, म्हणून नुसता जोड दिसला नाही की बीचं असा निकाल देऊन टाकू नका.

बीचं निघालं तर वहीत जातीच्या रकान्यात "बीचं झाड" एवढंच लिहा. पुढची मोजमापं तरीही करा. झाड चांगलं असू शकतं.

तोडणी: कधी, किती, कुठून

आमच्याकडे पपनसाची बदनामी भाद्रपदात होते. महालक्ष्म्यांपुढे मोठं फळ दिसावं म्हणून पपनस तोडतात. तेव्हा ते आकारानं भरलेलं असतं, पण आत आंबट आणि कडू. पूजा झाल्यावर घरची पोरं ते फोडतात, तोंड वाकडं करतात, आणि "त्या झाडाचं आंबटच असते" हा शिक्का कायमचा बसतो. आंबिया फुलोऱ्याचं फळ दिवाळीच्या आगेमागे खाण्याजोगं होतं आणि काही झाडांचं तर थंडी पडल्यावर. कच्च्या फळावरून जात ठरवायची नाही.

सालीच्या पिवळेपणाची वाट बघत बसू नका. लिंबूवर्गीय फळाची साल हिरव्याची पिवळी व्हायला रात्रीचा गारवा लागतो. पिकलेलं फळ बाहेरून हिरवंच, असं ऑक्टोबरात सर्रास होतं. उष्ण देशांत तर हिरव्या सालीचं पिकलेलं पपनस ही नेहमीची गोष्ट. त्यापेक्षा साल थोडी गुळगुळीत आणि तेलकट लागते का ते बघा. फळ हातावर तोलून बघा, दिसतं त्यापेक्षा जड लागलं पाहिजे. आणि एक फळ फोडून खात्री करा.

एका झाडाची किमान पाच फळं घ्या: चार दिशांची चार आणि आतल्या सावलीतलं एक, सगळी साधारण छातीच्या उंचीवरची. उन्हातलं फळ सावलीतल्यापेक्षा गोड असतं, म्हणून एका झाडाचं शेंड्याचं आणि दुसऱ्याचं बुडाचं फळ घेऊन तुलना करणं म्हणजे एका बैलाला चारून दुसऱ्याला उपाशी ठेवून शर्यत लावणं. पडलेली फळं घ्यायची नाहीत. रसशोषक पतंगानं टोचलेलं फळ बाहेरून धड दिसतं आणि आतून सडलेलं असतं.

कैचीनं देठाचा छोटा तुकडा ठेवून कापा. ओढून तोडलं तर देठाजवळची साल फाटते आणि तिथून फळ नासतं. मार्करनं फळावरच झाडाचा नंबर, दिशा, तारीख लिहा. मग सावलीत, हवेशीर जागी आठ-दहा दिवस ठेवा. पपनस आंब्यासारखं पिकत नाही, तोडल्यावर त्यात साखर वाढत नाही. पण ठेवल्यानं आंबटपणा उतरतो, साल थोडी सुकते आणि चव बसते. किती दिवस ठेवलं यापेक्षा सगळी फळं तेवढेच दिवस ठेवली का, याला महत्त्व आहे.

बाहेरून काय बघायचं

वजन घ्या. टेपनं कमरेचा घेर मोजा आणि देठापासून टोकापर्यंतची उंची. ही मोजमापं झाली की आकार. पपनसाचे ढोबळ तीन आकार: चेंडूसारखं वाटोळं, वरखाली दाबलेलं चपटं, आणि देठाकडे मान काढलेलं, म्हणजे पाण्यानं भरलेला गडू दिसतो तसं. मानेचं फळ ही बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे. तरी एकाच झाडावर काही फळांना मान लांब, काहींना आखूड असते, म्हणून पाचांपैकी किती फळांना आहे ते लिहा.

बुडाकडे, म्हणजे देठाच्या विरुद्ध टोकाला, खळगा आहे की फळ तिथे सपाट आहे? तिथे गोल वळं उमटलंय का? सालीवरचे तेलाचे ठिपके मोठे की बारीक? सालीवर मखमलीसारखी लव आहे का? नख मारून वास घ्या. दोन झाडांच्या सालींचा वास एकापाठोपाठ घेतला तर फरक नाकाला लगेच कळतो, शब्दात मात्र पकडता येत नाही. मी "गोडसर", "रॉकेलसारखा", "संत्र्याजवळचा" असे शब्द वापरतो. तुम्ही तुमचे वापरा, फक्त दरवर्षी तेच वापरा.

सालीवरचे डाग आणि काळेपणा यांचा जातीशी संबंध नाही. काळा थर म्हणजे कोळशी, ओल्या फडक्यानं निघते. खडबडीत, तपकिरी, भोवती पिवळं वळं असलेले फोड म्हणजे खैऱ्या रोग. खैऱ्याचं फळ पाहून "ही खरबरीत सालीची जात" असं लिहिणारे मी पाहिले आहेत.

सुरी लावल्यावर

फळ आडवं कापा, बरोबर कमरेवर. दोन्ही अर्धे शेजारी ठेवा, बाजूला पट्टी ठेवा आणि मोबाइलनं फोटो काढा. दिवसाउजेडी, सावलीत. बल्बखाली गुलाबी गर पिवळा दिसतो.

साल आणि तिच्याखालचा पांढरा कापूस मिळून जाडी किती, ते चार जागी मोजा आणि सरासरी काढा. नवख्याला इथे धक्का बसतो, कारण दोन किलोच्या फळातून निम्मा कापूसच निघू शकतो. पण त्यावरून लगेच "जाड सालीची जात" असं म्हणू नका. नवीन झाडाच्या पहिल्या एक-दोन बारांना साल जाडच असते. नत्र जास्त झालं तर जाड होते. स्फुरद कमी पडलं तर साल जाड होतेच, शिवाय फळाचा मधला गाभा पोकळ राहतो. आपण युरिया मोसंबीला टाकतो, पण त्याचा वाटा बांधावरच्या पपनसाला मिळतोच. म्हणून सालीची जाडी ही किमान दोन वर्षं मोजायची गोष्ट आहे.

मग फोडी मोजा. पपनसात साधारण ११ ते १८ फोडी असतात. संत्र्यात दहा-बाराच्या आसपास. जातीत फोडींची संख्या थोडी इकडेतिकडे होते, फार नाही.

एक फोड सोलून तिचा पापुद्रा काढा आणि आतले रसाचे दाणे बोटांनी सुटे करून बघा. पपनसाची खरी ओळख इथे आहे. संत्र्याचा दाणा दाबला की फुटतो. चांगल्या पपनसाचा दाणा ताठ राहतो, दाताखाली करकरतो आणि एकेक सुटा होतो. काही झाडांचे दाणे लांब आणि रसाळ, काहींचे आखूड आणि कोरडे. मात्र देठाकडचे दाणे पांढरट, कडक, बेचव निघाले तर तो दोष आहे. फळ फार मोठं झालं किंवा झाडावर फार दिवस राहिलं की असं होतं. असं फळ मोजणीतून बाद करा.

रंग: पांढरा, फिका पिवळा, गुलाबी, लाल. लाल रंग येतो तो टोमॅटोत असतं त्याच लायकोपीनमुळे. एकाच झाडाच्या दोन फळांत गुलाबीपणा कमीजास्त असू शकतो, म्हणून "गुलाबी" एवढं लिहून थांबू नका. सगळीकडे सारखा आहे, की फक्त पापुद्र्याजवळ आहे, ते लिहा.

आणि बिया. "बिनबियांचं पपनस" म्हणून कलमं विकली जातात, तिथे सावध राहा. पपनसाच्या फुलाला स्वतःचाच पराग चालत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग आला तर बी भरते. काही जातींची फळं परागाशिवायही धरतात आणि मग त्यात बिया नसतात किंवा नावापुरत्या असतात. एकटंदुकटं असताना बिनबियांचं फळ देणारं झाड संत्रा-मोसंबीच्या बागेत आणून लावलं आणि फुलोऱ्यात मधमाश्या भरपूर असल्या, तर त्याच झाडाच्या फळात मूठभर बिया निघतील. पन्हेरीवाला (रोपवाटिकावाला) खोटं बोलला असं नाही. म्हणून बियांच्या संख्येपुढे आजूबाजूला काय लावलंय तेही लिहायचं.

शेवटी गर सोलून पुन्हा काट्यावर ठेवा. समजा फळ १,२०० ग्रॅमचं आणि सोललेला गर ५४० ग्रॅम, तर खाण्याजोगा भाग ४५ टक्के. विकायच्या विचारात असाल तर हा आकडा सगळ्यात जास्त कामाचा.

चव: डोळे मिटून

पपनसाचा कडूपणा दाण्यात कमी आणि पापुद्र्यात, कापसात जास्त असतो. नारिंजिन नावाच्या घटकामुळे तो येतो. म्हणून चव दोनदा घ्या: आधी फक्त दाणे, मग पापुद्र्यासकट. पापुद्र्यासकट खाऊनही कडू न लागणारं झाड सापडलं तर त्याला दोरी बांधून ठेवा. दोन झाडांच्या मध्ये पाण्याची चूळ आणि चार मुरमुरे.

दिसणं जिभेला फसवतं. गेल्या दिवाळीत काकूंना तीन वाट्यांत तीन झाडांचे दाणे दिले. उघड्या डोळ्यांनी त्यांनी लाल वाटी पहिली लावली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर पदर घ्यायला लावला आणि चमच्यानं भरवलं. "हे गोड," म्हणत त्यांनी जी वाटी निवडली ती पांढऱ्या गराची. पदर काढून बघितल्यावर म्हणाल्या, "वाटी बदलली तुनं." तेव्हापासून घरात सगळ्यांना डोळे मिटूनच खायला देतो.

रिफ्रॅक्टोमीटर वापरणार असाल तर आधी शुद्ध पाण्याच्या थेंबावर शून्य लावून घ्या. रस एकाच जागचा घ्यायचा नाही. फळाच्या टोकाकडचा रस देठाकडच्यापेक्षा गोड असतो. दोन्हीकडचे आणि मधले दाणे एकत्र चुरून गाळून मग थेंब घ्या. बहुतेक पपनसं ८ ते १२ ब्रिक्समध्ये (रिफ्रॅक्टोमीटरवरचं साखरेचं माप) बसतात. पण आकडा गोडी सांगत नाही, साखर सांगतो. आंबटपणा जास्त असला तर ११चं फळही आंबट लागतं आणि आंबटपणा नावालाच असला तर ९चं फळ गोड, पण मिळमिळीत लागतं. जिभेला हवा असतो तो दोन्हींचा मेळ.

एक काळजीची गोष्ट. घरात कुणाला कोलेस्टेरॉलची, ब्लडप्रेशरची किंवा अवयव बदलल्यानंतरची औषधं सुरू असतील, तर पपनस भरवण्याआधी डॉक्टरांना विचारा. ग्रेपफ्रूटसारखंच पपनसही काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. सगळ्या गोळ्यांना हे लागू नाही, म्हणून विचारायचं.

नावाजलेल्या जाती, तुलनेपुरत्या

तुमचं झाड यातलं असण्याची शक्यता कमी. पण नावाच्या जाती एकमेकींपासून कशा वेगळ्या धरल्या जातात, हे कळलं की आपली वही भरायला सोपं जातं.

भारतात भौगोलिक मानांकन मिळालेलं पपनस म्हणजे बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीचा चकोता. कन्नडमध्ये पपनसाला चकोताच म्हणतात. बंगालीत बाताबी लेबू. हे नाव बटाविया, म्हणजे आजच्या जकार्तावरून आलं. आसामीत रबाब टेंगा. ही शेवटची दोन जातींची नावं नाहीत, फळाचीच नावं आहेत; इंटरनेटवर "बाताबी जातीचं कलम" अशी जाहिरात दिसली तर त्याचा अर्थ एवढाच की ते पपनसाचं कलम आहे.

थायलंडमध्ये नावातच खूण असते. खाओ म्हणजे पांढरा. खाओ नाम फुंग म्हणजे पांढरं मध, खाओ याय म्हणजे पांढरं मोठं. दोन्ही फिक्या गराची. थोंग दी गुलाबीसर गराची. दक्षिणेकडच्या पाक फनांग भागातली थाबथिम सयाम, म्हणजे सयामचं माणिक, गडद लाल गराची आणि सालीवर मखमली लव असलेली. व्हिएतनाममधल्या एका प्रसिद्ध जातीचं नाव दा सान्ह, म्हणजे चक्क "हिरवी साल", आत गर गुलाबी. पिवळेपणाची वाट बघू नका असं वर म्हटलं ते आठवा. त्याच देशातली नाम रोई मानेची, फिक्या गराची.

चीनच्या ग्वांगशी प्रांतातलं शातियान मानेचं, पांढऱ्या गराचं, बुडाला नाण्यासारखं वळं असलेलं आणि फार टिकणारं. फुजियान प्रांतातल्या फिंगह तालुक्यातलं ग्वानशी मध-पपनस आकारानं मोठं. त्याचेच पांढऱ्या आणि लाल गराचे प्रकार आहेत. म्हणजे एकाच घराण्यात दोन रंग. रंगावरून जात ठरवणाऱ्यांनी हे जरूर बघावं. जपानच्या कुमामोतोकडचं बानपेईयू आकारासाठी जगप्रसिद्ध.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठानं रिव्हरसाइड इथे तयार केलेलं चँडलर १९६१ मध्ये आलं. सयामी गोड आणि सयामी गुलाबी या दोन पपनसांचा हा संकर. गर गुलाबी आणि आईबापांपैकी सयामी गोड तर जवळजवळ आंबटपणाच नसलेलं. आपल्याकडच्या पन्हेऱ्यांत गुलाबी गराचं काहीही चँडलर म्हणून विकलं जाऊ शकतं. तिथलंच ओरोब्लँको १९८० मध्ये आलं. ते निव्वळ पपनस नव्हे, पपनस आणि ग्रेपफ्रूटचा संकर. त्यात बिया जवळजवळ नसतात, परागाच्या भानगडीशिवाय.

घराजवळ बघायचं तर नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था १९८५पासून या पिकांवर काम करते आणि तिथे पपनसाच्याही निवडी झाल्या आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा फळशास्त्र विभागही आहे. पाच फळं, पानं असलेली एक फांदी आणि भरलेली वही घेऊन गेलात तर बोलणं होतं. "साहेब, हे लाल पपनस कोणतं?" असं विचारत नुसता मोबाइलवरचा फोटो दाखवलात तर तेही काय सांगणार?

कलम घेताना

शेंदुरजनाघाटच्या बाजूला कलमांची कमी नाही, पण पपनसाची मागणी थोडी, त्यामुळे मातृवृक्ष, म्हणजे ज्याच्यावरून कलम केलं ते झाड, दाखवणारे कमी. आधी मातृवृक्ष दाखवायला सांगा. शक्य तर फळाच्या दिवसांतच जा, खाऊन बघा, आणि त्याच झाडाच्या डोळ्याचं कलम मागा. डोळा बहुधा जंबेरीच्या किंवा रंगपूर लाइमच्या (दोन्ही लिंबाचे प्रकार) खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, भरलेला असतो. जोड जमिनीपासून वीतभर वर हवा. लावताना तो मातीत गाडू नका, डिंक्या रोगाला आमंत्रण मिळतं.

मी फसलो ते इथे. एका पन्हेरीतून "लाल पपनस" म्हणून कलम आणलं. पहिल्याच मे महिन्यात वरचा डोळा करपला आणि खालून जोरदार फूट आली. मी खूश, झाड वाचलं म्हणून. तिसऱ्या वर्षी फळं आली, लिंबाएवढी, पिवळी, खडबडीत. जंबेरी! खुंटच वाढला होता. पान बघितलं असतं तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं: जंबेरीचं पान लहान, देठाला पंख जवळजवळ नाही, आणि कळीवर जांभळी छटा. पपनसाची कळी पांढरी, जाड. आता नवीन कलमाच्या जोडाखाली फुटलेला प्रत्येक कोंब मी हातानंच मोडतो. कोवळा असताना निघून जातो, कात्री लागत नाही.

आणि झाडाला नाव देण्याची घाई नको, नंबर द्या. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्यानं नंबर कोरून सैल तारेनं फांदीला बांधा. माझ्या वहीत अजून "विहीर १", "विहीर २" आणि "गोठा" अशीच नावं आहेत. काकूंनी डोळे मिटून निवडलेलं ते "विहीर २". त्याची यंदा चार गुटी बांधली आहेत, दोन शेजाऱ्यांनी आधीच मागून ठेवल्या आहेत. "जात कोणती?" असं विचारतात, तेव्हा सांगतो, विहिरीवरची.